डोळ्यांतलें अवर्षण

पुणें जिल्ह्याच्या पूर्व अंगास शिरूर आणि दौंड हे तालुके एकमेकांस लागून आहेत. सह्याद्रीवर मेघ आपला बहुतेक भार उतरवून येतात, तेव्हां आमच्या वांट्यास पावसापेक्षां वाराच अधिक येतो. शिरूरची घोड नदी पुढें भीमेस मिळते, भीमा दौंडावरून वाहते, कालव्याखालीं ऊंस उभा राहतो, हें सर्व खरें. परंतु चैत्र-वैशाखांत न्हावरे-चौफुल्याच्या वाटेनें शिरूराहून दौंडाकडे जो एस. टी.च्या उघड्या खिडकीशीं बसून गेला, त्याचे डोळे उतरतांना कसे झालेले असतात तें त्यासच विचारावें. त्यावर 'धूळ गेली' एवढेंच म्हणण्याची आमच्याकडे रीत आहे. पाऊस किती पडला याचा हिशेब चार माणसें भेटलीं कीं हटकून निघतो. स्वतःच्या डोळ्यांतील ओलाव्याचा हिशेब मात्र कोणी काढीत नाहीं.

याचें मुख्य कारण असें कीं, कोरडा डोळा पुष्कळदां कोरडा दिसतच नाहीं, तो गळतो. हें विधान विक्षिप्त वाटेल, म्हणून एक उदाहरण सांगतों.

आमच्या शेजारीं एक वृद्ध काकू राहतात. सायंकाळीं वारा सुटला कीं ओट्यावर बसल्या-बसल्या त्यांच्या डोळ्यांस धार लागे, आणि पदरानें त्या ती टिपीत. जाणारी-येणारी बाई थांबून विचारी, "काय झालें, काकू?" त्या म्हणत, "कांहीं नाहीं ग." आमच्या समाजांत या उत्तराचा अर्थ काय घेतला जातो, हें सुज्ञ वाचकांस सांगणें नको. घरांत सून होती, आणि ती रांजणगांवच्या एका कारखान्यांत हिशेबाच्या कामावर जाई, म्हणजे दिवसभर घराबाहेर. आळीस एवढा पुरावा पुरेसा झाला. वर्षभर त्या बिचारीकडे सगळ्या बायका संशयानें पाहत होत्या. आणि दुःखाची गोष्ट ही कीं, पुढें पुढें तिच्या नवऱ्याच्याहि मनांत किंतु आला. शेवटीं एके दिवशीं रजा काढून ती स्वतःच सासूबाईंस नेत्रवैद्याकडे घेऊन गेली.

वैद्यांनीं डोळ्यांत पिवळ्या रंगाचा थेंब घातला, निळ्या उजेडांत भिंगांतून पाहिलें, पापणी न मिटण्यास सांगितलें व सेकंद मोजले. मग म्हणाले, "आजी, तुमचे डोळे कोरडे आहेत." काकू रागावल्याच. "अहो, दिवसभर गळताहेत, नि कोरडे कसले?"

गोष्ट अशी आहे. डोळ्यावर अश्रूंचा जो पातळ पापुद्रा असतो, तो नुसत्या पाण्याचा नसतो. तळाशीं बुळबुळीत श्लेष्मा, मध्यें पाणी, आणि वर तेलाचा अतिसूक्ष्म थर. हें तेल पापण्यांच्या कडेस ओळीनें असलेल्या बारीक ग्रंथींतून येतें. माइबोम या जर्मन वैद्यानें १६६६ सालीं त्यांचें वर्णन केलें, म्हणून त्यांस त्याचें नांव मिळालें. या ग्रंथींचीं तोंडें बुजलीं कीं तेल कमी पडतें, आणि तेलाचें झांकण नसलें म्हणजे पाणी उडून जातें. निरोगी डोळ्यांत दहा सेकंद किंवा त्याहून अधिक टिकणारा पापुद्रा तीन-चार सेकंदांतच फाटतो. उघड्या पडलेल्या बुबुळावरील पडद्यास झोंबूं लागतें, आणि त्याची हांक ऐकून मोठी अश्रुग्रंथि एकदम लोंढा सोडते. पण भेगाळलेल्या रानावर वळीव कोसळावा, पाणी ओढ्याला लागावें आणि रान होतें तसेंच राहावें, तशी या लोंढ्याची गत होते. तो गालावरून वाहून जातो. कांदा चिरतांना येणारें पाणी याच जातीचें. काकूंचें रडणें असें निघालें. सुनेची निर्दोषता एका पिवळ्या थेंबानें सिद्ध झाली; आळीस ती पटावयास आणखी कांहीं महिने लागले.

कारणें पुष्कळ आहेत आणि तीं क्वचितच एकटीं येतात. वय वाढलें कीं अश्रु कमी होतात. ऋतुनिवृत्तीनंतर स्त्रियांस हा विकार विशेष जडतो. मधुमेह, थायरॉईडचे विकार आणि संधिवात यांचेंहि याच्याशीं सख्य आहे. कोरडे डोळे, कोरडें तोंड व सांध्यांचें दुखणें यांची सांगड स्वीडनमधील शोग्रेन या नेत्रवैद्यानें १९३३ सालीं आपल्या प्रबंधांत घातली. सर्दीच्या गोळ्या, मनाच्या विकारावरील कित्येक औषधें, यांनींहि डोळे सुकतात. लहान मुलांचें प्रकरण निराळें आहे: 'अ' जीवनसत्त्व न मिळाल्यास प्रथम रातांधळेपणा येतो, मग डोळा सुकतो आणि शेवटीं दृष्टि जाते. या जीवनसत्त्वाचे डोस मुलांस पाजण्याची राष्ट्रीय योजना १९७० सालीं सुरू झाली, ती याचकरितां.

आमच्या इकडची भर म्हणजे वारा, धूळ आणि गुऱ्हाळांचा धूर. कारखान्यांच्या थंड केलेल्या दालनांतली हवाहि कोरडीच असते. आणि सर्वांवर कडी मोबाईलनें केली आहे. माणूस मिनिटास सुमारें पंधरा वेळां पापणी मिटतो. पडद्याकडे टक लावली कीं हें प्रमाण निम्म्याहूनहि खालीं येतें, आणि ज्या वेळां मिटतो त्याहि अर्ध्यामुर्ध्या. दौंड स्थानकावर मनमाडकडची गाडी पकडावयास थांबलेले उतारू पूर्वीं एकमेकांचें गांव, नातेंगोतें, ऊंसाचा भाव, सर्व विचारून घेत. आतां सगळा फलाट माना खालीं घालून बसलेला असतो. संभाषण बुडालें त्याचें वाईट वाटतेंच. पण बोलणाऱ्या माणसाची पापणी आपोआप लवते, हाहि त्यांतला एक फायदा होता.

उपाय साधे आहेत आणि ते चिकाटीनें करावे लागतात. पडद्यावरचें काम असेल तर दर वीस मिनिटांनीं वीस फुटांपलीकडे वीस सेकंद पाहावें व पापण्या पूर्ण मिटाव्या. पंख्याचा झोत तोंडावर घेऊं नये. दुचाकीवर चष्मा घालावा. काकूंस जो उपाय मानवला तो असा: स्वच्छ फडकें कोमट पाण्यांत पिळून मिटलेल्या डोळ्यांवर पांच-दहा मिनिटें ठेवावयाचें, आणि मग पापण्यांच्या कडा बोटानें हलक्या दाबावयाच्या, म्हणजे थिजलेलें तेल सुटतें. कृत्रिम अश्रूंचे थेंब मिळतात. ते दिवसांतून वारंवार लागत असतील तर टिकाऊ द्रव्य न घातलेले घ्यावे. आयुर्वेदासहि हा रोग परका नाहीं. सुश्रुतानें सांगितलेल्या शहात्तर नेत्ररोगांत 'शुष्काक्षिपाक' आहे आणि त्याच्या चिकित्सेंत तुपास मोठें स्थान आहे. परंतु म्हणून शिंक्यावरचें लोणकढें बोटानें डोळ्यांत घालणें हा आयुर्वेद नव्हे. मध, गुलाबपाणी आणि एरंडेल यांविषयींहि आमचें मत तेंच आहे.

खरा धोका मात्र दुसरीकडेच आहे. काकूंच्या फडताळांत एक अर्धी वापरलेली बाटली निघाली. औषधाच्या दुकानीं 'डोळे लाल होतात' एवढें सांगितल्यावर ती चिठ्ठीशिवाय मिळाली होती, आणि तिनें एका दिवसांत बरेंहि वाटलें होतें. त्या थेंबांत स्टेरॉईड होतें. वैद्य सांगतील तेव्हां व तितके दिवस तें उत्तम औषध आहे. मनानें महिनोन्महिने घातलें तर डोळ्यांतला दाब मुकाट्यानें चढतो, मोतिबिंदू धरतो, आणि कांचबिंदूनें गेलेली नजर परत येत नाहीं. काकूंचा दाब तपासला गेला तेव्हां तो थोडा वाढलेलाच होता. थेंब बंद केल्यावर उतरला.

ऊंसाच्या फडांत हेंच औषध अधिक घातक ठरतें. पातीची कड डोळ्यास घासली कीं ओरखड्यांत बुरशी शिरते. तीवर स्टेरॉईड पडलें तर ती फोफावते आणि कांहीं दिवसांत पडदा पोखरून काढते. डोळा ठणकूं लागला, उजेड सोसेनासा झाला, अंधुक दिसूं लागलें किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर त्याच दिवशीं नेत्रवैद्याकडे जावें, आणि तोंवर कोणतीहि उरलेली बाटली उघडूं नये. हंगामांत मराठवाड्याकडून टोळ्या येतात, त्यांच्या मुकादमांस हें पहिल्याच आठवड्यांत बजावून ठेवावें लागतें. कारण दवाखान्यांत गेलेला दिवस मजुराच्या नांवावर खाडा म्हणून पडतो.