नदीची वीस पावले

लोणावळ्याच्या दक्षिणेस, नागफणीच्या सुळक्याजवळ वसलेल्या कुरवंडे गावाच्या परिसरात इंद्रायणी उगम पावते असे भूगोल सांगतो, आणि तो खोटे सांगत नाही. परंतु सह्याद्रीच्या त्या माथ्यावर जे पाणी पडते त्यातील मोठा अंश पूर्वेची वाट धरण्यापूर्वीच लोणावळा आणि वळवण येथील तलावांत अडविला जातो, प्रचंड नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीला उतरविला जातो, तेथील यंत्रे फिरवून पाताळगंगेला मिळतो आणि धरमतरच्या खाडीवाटे अरबी समुद्राला जातो, ही हकीकत शाळेत आम्हांला कोणी सांगितली नाही. टाटांचे खोपोलीचे वीजगृह १९१५ साली सुरू झाले ते मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळावी म्हणून. पुढे आंद्रा खोऱ्यातील पाण्याचीही अशीच वासलात लागली. ते भिवपुरीला उतरले. ज्या पाण्याचा वारसा बंगालच्या उपसागराकडचा, ते असे जन्मतःच परक्या घरी दत्तक गेले, आणि उरलेल्या पाण्यानिशी इंद्रायणी मावळात उतरली.

कामशेत, वडगाव, इंदुरी ही तिच्या काठची गावे मी भराभर ओलांडतो. भाताच्या खाचरांचे आणि कुंडमळ्याच्या रांजणखळग्यांचे सौंदर्य वर्णन करणाऱ्यांची वाण नाही. देहू आणि आळंदीविषयी तर अधिकारी लेखण्यांनी लिहून ठेवलेले आहे, आणि आळंदीच्या पाण्यावर येणाऱ्या फेसाविषयी वर्तमानपत्रे वर्षानुवर्षे लिहीत आली आहेत. तुकोबांच्या वह्या ह्याच पाण्यात बुडाल्या आणि तेरा दिवसांनी कोरड्या निघाल्या अशी श्रद्धा आहे. ज्या संताजी जगनाड्यांनी त्यांचे अभंग लिहून ठेवले ते पलीकडच्या चाकणचे तेली. कागद तारण्याची ही कीर्ती नदीने पुढे राखली नाही, एवढेच मी आमच्या घराण्याच्या अनुभवावरून म्हणेन.

माझे आजोळ चिखलीचे. तेथे इंद्रायणी ही नदी तर होतीच, पण शिवही होती: अलीकडे हवेली तालुका, पैलतीरी मोईची शेते आणि खेड तालुका. आजोबांच्या सातबाऱ्यावर जेवढी जमीन होती तिच्याहून थोडी अधिक किंवा थोडी उणी जमीन ते प्रत्यक्षात कसत, कारण पावसाळ्यात नदी ह्या काठाची दरड खाऊन त्या काठाला मळई घाली आणि काही वर्षांनी तोच व्यवहार उलटा करी. हवेलीची माती अशी कोणत्याही फेरफार नोंदीवाचून खेडात जाई. दसरा झाला, पाणी निवळून खाली गेले, की आजोबा धोतराचा सोगा खोचून काठावर जात आणि सोबत मला नेत. पाण्याच्या कडेला टाचा टेकवून ते शेताकडे तोंड करीत आणि मोठ्याने मोजत चालू लागत. वीस पावले झाली की थांबून काठीने मातीत रेघ ओढीत. रेघेच्या अलीकडे गहू, हरभरा, जे काय असेल ते; पलीकडे, उन्हाळ्याच्या तोंडाला, फार तर काकड्या आणि खरबुजांचे वेल. तेवढे गेले तरी हळहळ नाही. ‘ही वीस पावले तिची,’ एवढेच ते म्हणत, आणि हे म्हणताना त्यांच्या मुद्रेवर भक्तिभाव मुळीच नसे. शेजाऱ्याच्या बांधाविषयी बोलावे तसे ते बोलत. त्यांची उंची बेताची होती आणि पाऊल आखूड होते, म्हणून माझे मामा पुढे चेष्टेने म्हणत की नदीला माप कमी पडले. पैलतीरीचा एक कास्तकारही असाच मोजताना दिसे. दोघांत मळईवरून वैर होते, तरी मोजणी संपली की एकमेकांना हात उंचावून ते रामराम करीत, आणि मग पाण्यावरून मोठमोठ्याने भांडत. ती सकाळ मला आज इतकी स्पष्ट दिसते की गव्हाला कोणते बियाणे होते हे विचाराल तर तेही सांगेन.

आजोबा गेल्यावर वर्षश्राद्धाच्या आत आईला आणि मावशीला दुय्यम निबंधकांच्या कचेरीत बोलावून घेतले गेले. हक्कसोडपत्र आधीच लिहून तयार होते. माहेरचा उंबरा तुटू नये म्हणून बहिणी ज्या कागदावर सही करतात तो हा कागद. त्याच्या मोबदल्याच्या रकान्यात प्रेम असे लिहिण्याची वहिवाट आहे. सहीनंतर दोघींना साडीचोळी झाली. मामांचा मला राग नाही, असे मी पुष्कळांना पुष्कळदा सांगितलेले आहे.

१९९७ साली चिखली महापालिकेत आली. अलीकडे पिंपरी-चिंचवडचे कारखाने होतेच, पैलतीरी निघोजे, महाळुंगे, कुरुळी ह्या बाजूंनी चाकणची औद्योगिक वसाहत वाढत आली, आणि मध्ये सापडलेल्या जमिनीचा भाव एकरावरून गुंठ्यावर आला. मामांनी जमीन तुकड्यांनी विकली, आणि सर्वांत शेवटी, सर्वांत चढ्या दराने, नदीकाठची पट्टी विकली. आता त्याच काठाने आंद्रा धरणातून सोडलेले पाणी येते. निघोजेच्या बंधाऱ्यावर ते उचलून शुद्धीकरणासाठी चिखलीला नेतात आणि शहराला पाजतात. पुढे वापरलेले पाणी कोणत्या वाटेने परत येते हे काठावर उभ्या राहणाऱ्याला नाकाने कळते.

२०२५ च्या मे महिन्यात महापालिकेने चिखलीच्या हद्दीतील निळ्या पूररेषेच्या आत उभे राहिलेले ३६ बंगले पाडले. आदेश राष्ट्रीय हरित लवादाचा होता आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला होता. पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जेथवर पोहोचतो तेथवर अभियंते निळी रेषा आखतात. तिच्या आत बांधकाम निषिद्ध. आयुष्याची पुंजी घालून घरे घेतलेल्यांची माती झाली, आणि त्यांच्याविषयी मला कणव वाटली नाही असे कोण म्हणेल? ते बंगले आमच्या पट्टीवरचे नव्हते. तरीही ते वृत्त वाचून मनात जे प्रथम उमटले ते कणवेहून काहीसे निराळे होते, आणि ते फारसे शोभादायक नव्हते.

आईचे वय आता ऐंशीच्या पुढे गेले आहे. तिने माहेरचा काठ पाहण्याची इच्छा दाखविली नाही. तुळापूरला ने म्हणाली. म्हणून मोशी, चऱ्होली, आळंदी मागे टाकून आम्ही संगमावर गेलो. उगमापासून सुमारे शंभर किलोमीटर वाहून इंद्रायणी येथे भीमाशंकराहून आलेल्या भीमेला मिळते. १६८९ साली संभाजी महाराजांचा अंत ह्याच परिसरात झाला, त्यामुळे येणारा प्रत्येकजण प्रथम त्यांच्या स्मारकाकडे वळतो. आम्हीही वळलो आणि मग काठाशी आलो. येथून पुढे नाव भीमेचे. उजनीच्या जलाशयात थांबून, पंढरपुरास वळसा घालून, रायचूरच्या बाजूला कृष्णेत आणि मग उपसागरात जाणाऱ्या त्या पाण्यात इंद्रायणीचा वाटा किती, ह्याची नोंद कोणत्याही दप्तरात नावानिशी होत नाही. ह्यावर एक रूपक सुचण्यासारखे होते. आईसमोर ते मी काढले नाही.

ती मात्र रूपकाच्या विचारात नव्हतीच. काठाला ऊस अगदी पाण्यापर्यंत आला होता आणि एक तरुण शेतकरी मोटारीच्या पेटीशी काही खटपट करीत होता. त्याला हाक मारून ती म्हणाली, ‘‘दादा, काठाची वीस पावलं सोडून लावावं रे. ती नदीची असतात.’’

त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिले, मग उसाकडे पाहिले, आणि हसून म्हणाला, ‘‘वीस पावलं सोडली तर माझी निम्मी पट्टीच गेली की, आजी.’’