उजेडाचा भागाकार

गणिताच्या मास्तरालाही भागाकार दगा देतो! गेल्या मार्गशीर्षात संध्याकाळी नांदेडहून अहमदपूरला सायकलीने निघालो. सेल 2600 मिलीअँपिअर-तासांचा, दिवा खाणार 650 मिलीअँपिअर. म्हणजे उजेड चार तास. लोहा मागे पडले आणि अडीच तासांतच दिवा गेला. पुढे उसाची बिनकंदिलाची बैलगाडी. बैलांच्या घुंगरांनी मला वाचवले. सेलावरचा आकडा तो नवा असतानाचा. माझा चार वर्षे झिजलेला, त्यात थंडी. आता वर्षातून दोनदा दिवा घरीच विझेपर्यंत जाळून घड्याळ पाहतो, आणि त्याच्या निम्म्या वेळात संपेल एवढीच वाट धरतो. वडील निघण्याआधी कंदील कानाशी हलवून तेल अजमावीत. शाळा न पाहिलेल्या त्या माणसाचा हिशेब मात्र कधी चुकला नाही.