फिनिक्स आणि आमची मास्तरीण

आधीच कबूल करते, मी कॉन्व्हेंटवाली. ऱ्हस्व-दीर्घाशी माझं जुनं भांडण आहे. संपादकांनी लाल पेन हाताशी ठेवावं!

थर्ड इयरच्या सेमिनारला मला 'रिसर्च रिअ‍ॅक्टर' हा विषय मिळाला. मिळाला म्हणजे काय, सोपे विषय संपले होते. वाचता वाचता अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठापाशी अडकले. दुसऱ्या महायुद्धात या विद्यापीठाची पाचशेहून जास्त माणसं गेली. त्यांचं स्मारक काय करायचं? पुतळा नाही, कमान नाही. 1948 साली ठरलं, की अणुशक्तीचा शांततेसाठी उपयोग शोधायचा, तेच स्मारक. नाव दिलं 'फिनिक्स', राखेतून उठणारा पक्षी.

पहिल्यांदा मला हे विचित्रच वाटलं. हिरोशिमाला जेमतेम तीन वर्षं झालेली, आणि युद्धात गेलेल्यांची आठवण अणूनेच ठेवायची? पण हजारो माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी दिली. फोर्ड मोटर कंपनीने रिअ‍ॅक्टरसाठी दहा लाख डॉलर दिले आणि 1957 मध्ये तो सुरू झाला. 'स्विमिंग पूल' प्रकारचा, म्हणजे खोल पाण्यात ठेवलेला गाभा. पाणीच त्याला थंड ठेवतं, न्यूट्रॉनचा वेग कमी करतं आणि किरणोत्सर्गही अडवतं. आपल्या तुर्भ्याची 1956 ची 'अप्सरा' याच जातीची. डोनाल्ड ग्लेझरच्या बबल चेंबरच्या कामाला सुरुवातीला फिनिक्सचाच पैसा मिळाला. त्याला 1960 चं नोबेल मिळालं.

हे सगळं मी का सांगतेय? कारण तेव्हाच आमच्या विंगमध्ये भांडण चालू होतं. मागच्या पावसाळ्यात माझी रूममेट तापाचं निमित्त होऊन गेली. परीक्षेच्या आदल्या रात्री अख्ख्या विंगला एम-थ्री शिकवायची, म्हणून सगळ्या तिला 'मास्तरीण' म्हणायच्या. माझा एम-थ्री तिच्यामुळेच सुटला. वर्गणी जमली होती. मी हट्टाने म्हणत होते, रीडिंग रूमच्या दाराशी संगमरवरी पाटी लावायची. खरं सांगू? पाटी लावली की आपण सुटलो, असं कुठेतरी मनात होतं. तिची रिकामी कॉट रोज बघवत नव्हती.

तिची ट्रंक न्यायला काका आले, तेव्हा मी त्यांना पाटीवर काय लिहायचं ते विचारलं. ते बराच वेळ तिच्या वह्या चाळत बसले. मग म्हणाले, "बाळ, या वह्या इथेच राहू देत. कुणाला तरी उपयोगी पडतील."

त्या रात्री मला फिनिक्स कळला. सेमिनारला जे सांगायचं होतं ते तेव्हा कळलं.

वर्गणीतून फळा, कपाट आणि पुस्तकं आली. आता दर शनिवारी जेवणानंतर ज्युनियर्सना एम-थ्री शिकवतो. परवा सात जणी होत्या, त्यातल्या दोघी झोपल्या होत्या!

मिशिगनचा तो रिअ‍ॅक्टर 2003 मध्ये बंद झाला. पण इमारत पाडली नाही. 2017 पासून तिथे अणु-अभियांत्रिकीची नवी प्रयोगशाळा आहे. पुढच्या वर्षी आम्हीही पास आउट होऊ. कपाटाची किल्ली रेक्टर मॅडमकडे असेल. शनिवारी ती मागायला कुणीतरी यायला हवं, एवढंच.