थ्री कार्ड पोकर : तीन पत्ते, एक राणी आणि वीस सेकंद

१/ तीन पत्तीच्या बैठकीत एक नियम सहसा कोणी तपासून पाहत नाही. ट्रेल, म्हणजे एकाच मोलाचे तीन पत्ते, सर्वांत श्रेष्ठ. प्युअर सिक्वेन्स तिच्या खाली. परंतु ५२ पत्त्यांतून तीन पत्ते येण्याचे एकूण २२,१०० प्रकार मोजले, तर ट्रेल ५२ प्रकारे जमते आणि प्युअर सिक्वेन्स ४८ प्रकारे. जी अधिक दुर्मीळ, तीच खालच्या पायरीवर बसलेली आहे.

२/ हा क्रम भारतात जन्मलेला नाही. तीन पत्तीचे मूळ ‘ब्रॅग’ या ब्रिटिश खेळात सांगितले जाते, आणि तीन पत्त्यांच्या ब्रॅगमध्येही एकसारखे तीन पत्तेच सर्वोच्च मानले जातात. खेळांचे नियम लिहिणाऱ्या एडमंड हॉईल याने १७५१ मध्ये ब्रॅगवर स्वतंत्र पुस्तिका काढली, इतका तो खेळ तेव्हा रुळला होता. ब्रॅगचा प्राण हुलकावणीत होता : हातात काही नसताना बोली चढवायची आणि समोरच्याला डाव सोडायला लावायचे.

३/ १९९४ मध्ये डेरेक वेब या ब्रिटिश पोकरपटूंनी तीन पत्त्यांचा हाच साचा घेऊन कसिनोसाठी नवा खेळ रचला : थ्री कार्ड पोकर. त्याला आधी जागा मिळाली ती अमेरिकेत. ब्रिटनच्या कसिनोंत त्याला कायद्याने परवानगी मिळेपर्यंत २००२ उजाडले. वेब यांनी क्रम गणिताप्रमाणे लावला. सर्वांत वर प्युअर सिक्वेन्स (४८), मग ट्रेल (५२), सिक्वेन्स (७२०), कलर (१,०९६) आणि जोडी (३,७४४). उरलेले १६,४४० हात केवळ मोठ्या पत्त्याच्या बळावर लढतात.

४/ नियम थोडे आहेत. खेळाडू प्रथम ‘अँटी’ नावाची रक्कम लावतो. त्याला आणि डीलरला तीन-तीन पत्ते मिळतात. आपले पत्ते पाहून खेळाडूने एकच निर्णय घ्यायचा : पॅक करून अँटी गमवायची, की अँटीइतकीच आणखी रक्कम ‘प्ले’ म्हणून लावायची. त्यानंतर डीलरचे पत्ते उघडतात.

५/ येथे राणीचा प्रवेश होतो. डीलरकडे निदान राणी किंवा त्याहून मोठा हात नसेल, तर तो स्पर्धेत उतरतच नाही. खेळाडूला अँटीवर तेवढीच रक्कम मिळते आणि प्ले परत येते. डीलर पात्र ठरला, तर हातांची तुलना होते : जिंकल्यास दोन्ही पैजांवर दामदुप्पट, हरल्यास दोन्ही जातात. सिक्वेन्स किंवा त्याहून वरचा हात आल्यास अँटीवर वेगळे बक्षीसही असते. हुलकावणीला मात्र वाव उरत नाही, कारण डीलर घाबरत नाही आणि पॅकही करत नाही.

६/ मग पॅक कधी करावे? डीलर २२,१०० पैकी ६,७२० हातांत, म्हणजे सुमारे ३०.४ टक्के वेळा, अपात्र ठरतो. समजा, खेळाडूचे पत्ते इतके वाईट आहेत की पात्र डीलरपुढे हार निश्चित. १०० नाण्यांच्या अँटीवर असा हात खेळला, तर सरासरी १०९ नाणी जातात. पॅक केला, तर १००. फरक केवळ नऊ नाण्यांचा. म्हणून पात्र डीलरला हरवण्याची थोडीशी शक्यता असलेला हातही खेळण्यायोग्य ठरतो.

७/ ही सीमारेषा गणिताने नेमकी आखून दिली आहे : राणी-छक्की-चौकी. जोडी, एक्का किंवा बादशहा असेल तर नेहमी खेळावे. राणी असेल तर दुसरा पत्ता पाहावा : सत्ती किंवा मोठा असेल तर खेळावे, पंजी किंवा लहान असेल तर पॅक. दुसरा पत्ता छक्की असेल तर तिसरा किमान चौकी हवा. बाकी सारे पॅक. या खेळातले सर्व कौशल्य एवढ्या ओळींत संपते.

८/ हे तंतोतंत पाळले तरी कसिनोचा वाटा अँटीच्या सुमारे ३.३७ टक्के राहतो. कारण बारीक आहे : खेळाडूला आधी बोलावे लागते. तो पॅक करतो, तेव्हा पुष्कळदा डीलरचे पत्तेही अपात्र असतात. पण अँटी तोवर गेलेली असते. पत्ते न पाहताच ‘ब्लाइंड’ खेळणाऱ्याचे नुकसान याच्या दुपटीहून अधिक होते.

९/ शेजारी ‘पेअर प्लस’ ही वेगळी पैज असते. डीलरकडे काहीही असो, खेळाडूला जोडी किंवा वरचा हात आला की पैसे मिळतात. जोडीला १, कलरला ४, सिक्वेन्सला ६, ट्रेलला ३० आणि प्युअर सिक्वेन्सला ४० पट दिल्यास कसिनोचा वाटा २.३२ टक्के. तोच कलरचा आकडा ४ ऐवजी ३ छापला, की वाटा ७.२८ टक्के होतो. कापडावरचा एक अंक बदलला, पण मेजावर बसलेल्याला खेळ तसाच दिसतो.

१०/ हे अंक सर्वांत चांगले कोणाला कळत असतील, तर ते हा खेळ रचणाऱ्यालाच. म्हणून वेब यांच्या आयुष्याचा पुढचा भाग लक्षणीय ठरतो. या खेळाच्या हक्कांतून मिळालेल्या संपत्तीचा काही भाग त्यांनी ब्रिटनमधील बेटिंगच्या दुकानांत ठेवलेल्या यंत्रांविरुद्धच्या मोहिमेसाठी खर्च केला. त्या यंत्रांवर दर वीस सेकंदांना १०० पौंडांपर्यंत लावता येत.

११/ वरवर पाहता यंत्र अधिक दयाळू होते. त्यावरील रुलेटमध्ये घराचा वाटा २.७ टक्के, म्हणजे थ्री कार्ड पोकरच्या अँटीपेक्षाही कमी. पण तासाला १८० फेऱ्या आणि प्रत्येकी १०० पौंड धरले, की सरासरी तोटा ताशी ४८६ पौंड होतो. मेजावर १० पौंडांची अँटी लावून तासाला पन्नास डाव खेळणाऱ्याचा सरासरी तोटा सुमारे १७ पौंड. टक्केवारी कमी असूनही माणूस तिथे लवकर बुडतो, कारण वेग आणि पैजेची मर्यादा या दोन गोष्टी टक्केवारीत दिसत नाहीत.

१२/ मर्यादा कमी करण्याचा निर्णय झाला, पण अंमलबजावणीच्या विलंबावरून नोव्हेंबर २०१८ मध्ये क्रीडामंत्री ट्रेसी क्राउच यांनी राजीनामा दिला. अखेर एप्रिल २०१९ पासून १०० पौंडांची मर्यादा २ पौंडांवर आली. वरचाच हिशेब पुन्हा मांडला, तर तोटा ताशी दहा पौंडांच्या आत येतो. यंत्र तेच राहिले, टक्केवारीही तीच राहिली.

१३/ राणी-छक्की-चौकी हा नियम खेळाडूचा तोटा कमी करतो, नाहीसा करत नाही. त्याच्या पलीकडचे सारे, म्हणजे कापडावरचा अंक, डावाचा वेग आणि पैजेची कमाल मर्यादा, खेळाडूच्या हातात पत्ते येण्यापूर्वीच दुसऱ्या कोणीतरी ठरवलेले असते.