सैल माशी

१६९९ ते १७८० या काळात व्हर्जिनियाची राजधानी असलेले विल्यम्सबर्ग पाहून आम्ही लेकीच्या घरी परतलो, तो शेजारचे गृहस्थ अंगणात, स्वतः घडविलेली ठासणीची रायफल घेऊन बसलेले. नेम चुकतो म्हणून ते आपल्या मुलाला रागे भरले होते. दोष निघाला सैल माशीचा! माशीचे घर तळाशी रुंद, तोंडाशी अरुंद. तळाला पंचाने चार टोचे मारून त्यांनी धातू उचलला आणि माशी हलकेच ठोकून घट्ट बसविली. मागच्या खाचेपासून मीटरभर अंतरावरील माशी अर्धा मिलिमीटर ढळली, तर शंभर मीटरांवर नेम पाच सेंटिमीटर हुकतो. मग त्यांनी मुलाची क्षमा मागितली. तीस वर्षे मुलांच्याच चुका मोजणारे आम्ही निरुत्तर उभे होतो.