पिंपळगावची द्राक्षे, रॉटरडॅमचे न्यायालय

नाशिकहून आग्रा महामार्गाने ओझर ओलांडले की दुतर्फा द्राक्षबागा दिसू लागतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पिंपळगाव बसवंत परिसरातील एखाद्या पॅकहाउसमध्ये अवश्य डोकवावे. स्त्रिया कात्रीने घडातील डागी मणी वेगळे करतात, पनेट भरतात. गारठवलेल्या पेट्या शीत कंटेनरमध्ये चढतात आणि न्हावा-शेवामार्गे रॉटरडॅमला जातात.

बँकेत असताना मी येथे कर्जाच्या निमित्ताने येत असे. निवृत्तीनंतर केवळ बागा पाहण्यासाठी आलो, तरी नजर कागदांकडेच वळते.

२०१० चा हंगाम येथे कोणी विसरलेले नाही. वेलीची वाढ रोखणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश युरोपात मर्यादेपेक्षा अधिक आढळला आणि माल अडकला. निर्यातीपूर्वी तपासावयाच्या रसायनांच्या यादीत ते नव्हतेच! नुकसान कोट्यवधींचे झाले. पण दावा कोणावर लावावा, आणि कोठे? द्राक्षे बहुधा विक्रीपश्चात हिशेबाच्या बोलीवर जातात. भाव ठरतो तिकडे, वजावट होते तिकडे, आणि हाती एक हिशेबपत्रक येते.

निर्यात पतविमा आहे ना, असे अनेकांना वाटते. ग्राहक बुडाला तर तो उपयोगी पडतो. मात्र ग्राहकाने गुणवत्तेची तक्रार उभी केली, की विमा महामंडळाच्या सर्वसाधारण अटींनुसार निर्यातदाराला आधी ग्राहकाच्याच देशातील सक्षम न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने मिळवावा लागतो. नाशिकच्या दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा नेदरलँड्समध्ये थेट बजावता येत नाही. तेथे नव्याने दावा लावावा लागतो. वकिलाची फी युरोत आणि आपला नफा पेटीमागे काही रुपये! लवादाचा निवाडा मात्र १९५८ च्या न्यूयॉर्क करारामुळे दोन्ही देशांत अंमलात आणता येतो. म्हणून कंटेनर भरण्यापूर्वी लवादाचे कलम लिहून घ्यावे. माल उतरताच त्रयस्थ सर्वेक्षकाकडून तपासणी व्हावी, हेही त्यात असावे. सडलेला घड पुरावा म्हणून वर्षभर ठेवता येत नाही.

जागतिक व्यापार संघटनेकडे व्यापाऱ्याला जाता येत नाही. तेथे सरकारेच पक्षकार असतात. शिवाय तिचे अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून सदस्यांअभावी ठप्प आहे.

पिंपळगावहून पुढे लासलगावला गेलो, की याच प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. ८ डिसेंबर २०२३ रोजी कांद्याची निर्यात बंद झाली, ती ४ मे २०२४ ला खुली झाली. अशा वेळी माल न पाठवणारा आपण असतो आणि नोटीस परदेशातून येते. करारात शासकीय बंदीचे कलम असेल तर उत्तर एका पानाचे. नसेल तर भारतीय करार कायद्याच्या कलम ५६ चा आधार घ्यावा. पण करारावर परदेशी कायदा लागू असल्यास तोही हाती राहत नाही.