साठीनंतरचा डोंगर : संदकफू ते फालूट

संदकफूला पायी जायचे ठरले तेव्हा आम्हा सहा जणांच्या वयाची बेरीज ३४५ भरत होती. सर्वात मोठे आमच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक सर, वय ६८. त्यांच्या खालोखाल खालाजान ६३, भाईजान ६१, भाभी ५७, आणि राहिलेले आम्ही दोघे पन्नाशीच्या अलीकडचे. त्यामुळे 'पोरं' म्हणून ओझी उचलण्याचे काम आपोआप आमच्याकडे आले.

संदकफू हे पश्चिम बंगालमधील सर्वात उंच ठिकाण, ३६३६ मीटर. दार्जिलिंग जिल्ह्यातील मानेभंजन या छोट्या बाजारगावापासून सिंगालिला डोंगररांगेच्या माथ्यावरून ही वाट जाते, आणि ती भारत-नेपाळ सरहद्दीला इतकी चिकटून आहे की सकाळचा चहा एका देशात आणि दुपारचे जेवण दुसऱ्या देशात होते. सरहद्दीवर कुंपण नाही. अधूनमधून दगडी खांब आणि सशस्त्र सीमा बलाच्या चौक्या. ओळखपत्र दाखवायचे, वहीत नाव लिहायचे, पुढे निघायचे. एका चौकीवरच्या जवानाने खालाजानच्या आधार कार्डावरील जन्मसाल दोनदा वाचले आणि उठून त्यांना स्वतःची खुर्ची दिली.

वयस्कांसाठी ही वाट का, हे आधी सांगायला हवे. हिमालयातील पुष्कळ वाटांवर तंबूत झोपावे लागते. थंडीत जमिनीवर झोपून पहाटे उठणे पंचविशीत गमतीचे असते, साठीत कंबर ते वर्षभर लक्षात ठेवते. संदकफूच्या वाटेवर दर मुक्कामाला लाकडी घरे आहेत, पलंग आहेत, जाड रजया आहेत, गरम जेवण आहे. आणि दुसरे मोठे कारण म्हणजे मानेभंजन ते संदकफू, साधारण ३१ किलोमीटर, गाडीरस्ता आहे. चहामळ्यांच्या काळातील जुन्या लँड रोव्हर गाड्या त्या दगडांवरून अजूनही खडखडत वर जातात. तरुण ट्रेकर या रस्त्याला नाके मुरडतात. आम्हाला मात्र तो डोक्यावरच्या छपरासारखा वाटला; कोणाला काही झालेच तर खाली नेणारे चाक जवळ आहे, एवढ्यानेच निम्मी भीती कमी होते. तो रस्ता आमच्या कामी आलाच, ते पुढे येईल.

घरचा विरोध मात्र जोरदार झाला. खालाजानना आठ वर्षांपासून मधुमेह. त्यांच्या दोन्ही मुलांचे म्हणणे एकच : अम्मी, हज झाला, उमरा झाला, आता या वयात डोंगरात काय ठेवलंय? खालाजान म्हणाल्या, सफा-मरवाच्या सात फेऱ्यांचे तीन किलोमीटर चालताना माझे वय कोणी विचारले नाही, मग डोंगरच का विचारतो? खालूजान रेल्वेत होते. मिरज जंक्शनवर आयुष्य गेले, पास दरवर्षी मिळायचा, आणि दरवर्षी तो कोणाच्या तरी लग्नात किंवा मयतीत संपायचा. बर्फाचा डोंगर दाखवायचे राहून गेले. हे त्यांनी मुलांना सांगितले नाही. आम्हाला हावड्याच्या गाडीत सांगितले, रात्री सगळे झोपल्यावर.

शेवटी तोडगा डॉक्टरांनी काढला. ईसीजी, पट्ट्यावर चालवून घेतलेली तपासणी, डोळे, पाय, सगळे पाहून त्यांनी दोन अटी घातल्या : रोज रात्री टॉर्च लावून दोन्ही तळपाय पाहायचे, आणि बूट किमान दोन महिने वापरलेले असले पाहिजेत. मधुमेहात पायाला फोड आलेला कळत नाही आणि तोच पुढे भारी पडतो. म्हणून खालाजान जुलैपासून ते तपकिरी बूट घालून भाजी आणायला जात होत्या. मोहल्ल्यातल्या बायका हसल्या, मग सवय झाली. आमची तालीम दंडोबाच्या डोंगरावर, रविवारी फज्रनंतर. आधी रिकाम्या हाताने, मग पाठीवर चार किलो तांदूळ, मग सहा. सर आपल्या पिशवीत तांदळाऐवजी शब्दकोश भरून आणत. वजन तेवढेच, म्हणत, आणि बसल्यावर वाचायला होते.

सरांबद्दल थोडे. अकरा वर्षांपासून त्यांच्याकडे या वाटेचा हाताने काढलेला नकाशा होता. प्रत्येक मुक्कामापुढे उंची, अंतर, पाणी कुठे. भूगोलाचे शिक्षक, पण बर्फाची शिखरे फक्त फळ्यावर काढलेली. गाडीत त्यांनी आम्हाला एमा गेटवुड या अमेरिकन आजींची गोष्ट सांगितली. अकरा मुलांची आई, नवऱ्याच्या मारहाणीतून सुटलेली. १९५५ मध्ये ६७व्या वर्षी ती एकटी अॅपलेचियन ट्रेल चालायला निघाली. साधे कापडी बूट, घरी शिवलेली पिशवी, पावसासाठी न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा. तीन हजार किलोमीटरहून अधिक वाट तिने पूर्ण केली, आणि पुढे दोनदा पुन्हा. "पंचाहत्तरीत तिसऱ्यांदा!" सर म्हणाले. भाभींनी विचारले, मुलांनी जाऊ कसे दिले? मुलांना फिरायला जाते एवढेच सांगून ती निघाली होती, हे सरांनी जरा हळू आवाजात सांगितले. खालाजान ऐकत होत्या.

न्यू जलपाईगुडीहून जीपने मिरिकमार्गे मानेभंजन. दिवाळीच्या सुट्टीचे दिवस, नोव्हेंबरची सुरुवात. सिंगालिला हे १९९२ पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि इथे स्थानिक वाटाड्या सोबत घ्यावाच लागतो. आमचा वाटाड्या २४ वर्षांचा गोरखा मुलगा. त्याने आमच्याकडे एकदा पाहिले, पिशव्यांकडे एकदा पाहिले, आणि ओझ्यासाठी आणखी एक माणूस बोलावला. आम्ही हरकत घेतली नाही. पाठीवर फक्त पाणी, औषध, रेनकोट आणि जपमाळ. बाकीचे ओझे दुसऱ्याच्या पाठीवर गेले तर त्याच्या घरी चार पैसे जातात आणि आपले गुडघे वाचतात. यात कमीपणा वाटण्यासारखे आम्हाला काही दिसले नाही.

चित्रेपर्यंतचे पहिले तीन किलोमीटर छातीवर येणारे आहेत. वाटाड्या मागे वळून सारखा म्हणायचा, "बिस्तारै, आमा, बिस्तारै." म्हणजे हळू, आई, हळू. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे, धाप लागून वाक्य तुटले की थांबायचे, हा त्याचा नियम. शिक्षकांसाठी सोपा नियम. तहान लागो न लागो, अर्ध्या तासाला चार घोट पाणी हा दुसरा. वय वाढले की तहान उशिरा कळते. तुमलिंगला (२९७० मीटर) तरुण मंडळी एक रात्र काढून पुढे पळतात. आम्ही दोन रात्री राहिलो. उंचीची सवय शरीराला सावकाश होते, आणि निवृत्त माणसाकडे दुसरे काही नसले तरी एक जादा दिवस असतो.

जेवण सगळीकडे जवळपास एकच : भात, डाळ, राईची भाजी, बटाटा, अंडे, आणि डल्ले नावाच्या गोल लाल मिरचीचे लोणचे. त्या लोणच्यापुढे आमची कोल्हापुरी जीभ गप्प झाली. मांसाचा प्रश्न आम्ही अंड्यावर मिटवला, थुक्पा घेताना रस्सा कशाचा ते विचारून घेतले. छुर्पी म्हणून याकच्या दुधाचे दगडासारखे चीज मिळते, ते तासभर तोंडात चघळायचे. भाईजाननी ते मोठ्या हौसेने तोंडात टाकले आणि त्यांची कवळी त्यात रुतून बसली. त्यानंतरचे दोन किलोमीटर त्यांनी कोणाशी बोलायचे नाकारले.

पहाटेचे पाणी हाताला चावते. वुजूसाठी घरमालकीण एक किटली गरम पाणी द्यायची, पण चुलीत जाणारे लाकूड पाहून जास्त मागवत नसे. खालाजान चामड्याचे मोजे घेऊन आल्या होत्या. मुसाफिराला त्यांच्यावर तीन दिवस तीन रात्री मसह करण्याची सवलत आहे, ती इतकी वर्षे पुस्तकात वाचलेली, इथे प्रत्यक्ष उपयोगी पडली. नमाज कस्र, गुडघ्यांमुळे सर बाकावर बसून. रात्री मात्र खालाजानचे मोजे उतरायचे आणि भाभी टॉर्च घेऊन तळपाय तपासायच्या. शुगर मोजायचे यंत्र थंडीत चुकार होते, म्हणून ते कपड्यांच्या आत, अंगाच्या उबेत.

गैरीबासची उतरण, मग कालीपोखरीची चढण. कालीपोखरी म्हणजे काळ्या पाण्याचे लहानसे तळे, भोवती प्रार्थनेच्या पताका. ते गोठत नाही असे तिथले लोक सांगतात. पुढे बिखेभंजन. बिख म्हणजे विष. या डोंगरावर बचनागाची विषारी झाडे उगवतात आणि संदकफू या नावाचा अर्थही विषारी झाडांची उंच जागा असाच सांगतात. शेवटचे चार किलोमीटर आम्हाला साडेतीन तास लागले. सर सर्वात पुढे होते.

त्या रात्री सर जेवले नाहीत. डोके दुखते म्हणाले, मग चहा वेळेवर न मिळाल्याने दुखते म्हणाले. मध्यरात्री दोनदा उलटी झाली. बोटाला लावायच्या यंत्रावर आमचे आकडे ८५ ते ९०च्या दरम्यान, सरांचा ७७. वाटाड्याने त्यांना जमिनीवरच्या फळीच्या रेषेवर, टाचेला अंगठा लावत सरळ चालायला लावले. ते चालले, तोल गेला नाही. तरीही तो म्हणाला, दुसरी रात्र इथे नाही, उजाडताच खाली. उंचीचा त्रास कोणाला होईल हे वय किंवा तब्येत पाहून सांगता येत नाही. दंडोबावर आमच्यात सर्वात दमदार सर होते. मधुमेहाच्या खालाजान शेजारच्या पलंगावर शांत झोपल्या होत्या.

सरांनी वाद घातला. एक दिवस थांबू, फालूट फक्त २१ किलोमीटर, अकरा वर्षे. भाईजान काही बोलले नाहीत. त्यांनी आपली पिशवी बांधली, मग सरांची बांधली. दोघांनी जायचे हे असे ठरले.

पहाटे गाडीवाला बोनेट उघडून इंजिन तापवत होता. सर पुढच्या सीटवर रजईत गुंडाळलेले. तेवढ्यात उत्तरेला कांचनजुंगाच्या (८५८६ मीटर) माथ्यावर नारळाएवढा लाल ठिपका आला आणि पसरू लागला. मग वायव्येला लांबवर ल्होत्से, एव्हरेस्ट, मकालू, मधल्या एव्हरेस्टची उंची शेजारच्या मकालूपेक्षा कमी भासणारी, कारण ते जास्त दूर आहे. सरांनी काच खाली केली आणि बोट दाखवत नावे सांगायला सुरुवात केली, वर्गात सांगावीत तशी. खालाजान त्यांच्या खिडकीशी उभ्या होत्या. डोळ्यांना पदर लावून त्या "सुब्हानअल्लाह" एवढेच म्हणाल्या. इंजिन लागले, गाडी गेली.

आम्ही चौघे तो दिवस संदकफूलाच थांबलो. दुपारी भाईजानचा फोन लागला : मानेभंजनला पोहोचलो, डॉक्टरांनी तपासले, डोके उतरले, सरांनी दोन वाट्या भात खाल्ला. तो फोन आला नसता तर आम्हीही दुसऱ्या दिवशी खालीच निघालो असतो.

फालूटची वाट संपूर्ण माथ्यावरून जाते. वाळलेले पिवळे गवत, जळून उभे राहिलेले झाडांचे पांढरे सांगाडे, याक, आणि वारा. अंधारात निघून आम्ही साडेदहा तासांनी पोहोचलो. पहाटे उठलो तर बाहेर धुके. आठला धुके. नऊला खालाजान म्हणाल्या, कापसाच्या गोदामात उभे असल्यासारखे वाटते, चला. तिथून गोरख्यापर्यंत १५ किलोमीटर उतार. वर चढताना दम जातो, उतरताना गुडघे. साठीनंतर दुसरे जास्त महाग. दोन काठ्या, लहान पावले, तिरके उतरणे. गोरखे हे दोन ओढ्यांच्या संगमावरचे गाव, पलीकडे सिक्कीम. तिथे खालाजानने ओढ्यात पाय बुडवले आणि भाभींनी रात्री तळपाय पाहिले : फोड नाही. पुढे रम्माम, श्रीखोला, आणि गाडीने परत मानेभंजन.

सर लॉजच्या ओट्यावर वही घेऊन बसले होते. पहिला प्रश्न : फालूटहून शिखरे कोणत्या क्रमाने दिसतात? खालाजान म्हणाल्या, सर, धुके होते. काही दिसले नाही. त्यांना खरे वाटेना. मोबाइलमधले फोटो एकामागून एक पाहिले, सगळे पांढरे. मग त्यांनी वही मिटली आणि वाटाड्याला विचारले, तुमलिंगला एप्रिलमध्ये गुरांस फुलतो ना? फुलतो, तो म्हणाला, डोंगर लाल होतो. सर म्हणाले, तुमलिंगच्या वर मी पाऊल टाकणार नाही, पण तिथे चार दिवस राहायचे काय घेतात ते विचारून ठेव.

"दोन माणसांचे विचार," खालाजान आतून म्हणाल्या. त्या शुगर तपासत होत्या.